बूट काढून खळ्यावर या

मानवतला गोल्फ खेळतात असं मी कुणाला सांगितलं, की माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे, आणि हळूच विषय बदलतो. परभणीत राहणाऱ्या माझ्या सख्ख्या नणंदेनं तर मला चांगल्या डॉक्टरला दाखवून घ्यायला सांगितलं होतं. म्हणून हा अंक हातात घेऊन, चिवड्याची वाटी मांडीवर ठेवून बसलेल्या वाचकांना पहिल्याच ओळीत सांगायला हवं होतं ते आता सांगते. खेळतात. नऊवारीत खेळतात, धोतरात खेळतात, शाळेच्या गणवेशात खेळतात. आणि मागच्या थंडीत हा आमचा लवाजमा थेट हैदराबादच्या हिरव्यागार मैदानावर जाऊन खेळून आला. ती हकीकत सांगितल्याशिवाय मला यंदाची दिवाळी गोड लागणार नाही.

मी पीटीची बाई. गावात माझं नाव फार थोड्यांना माहीत असेल, पण 'पीटीच्या बाई' म्हटलं की कुणीही घर दाखवतं. जन्मभर शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकली. निवृत्त झाले, शिट्टी खिळ्याला टांगली आणि आठवडाभरात घरच्या माणसांना नकोशी झाले. जेवायला बसायच्या आधी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं करते की काय, अशी भीती त्यांना वाटायला लागली होती. शेवटी सूनच गोड बोलून म्हणाली की आई, तुम्ही बाहेर काहीतरी सुरू करा. मी शिट्टी काढली आणि दुसऱ्याच सकाळी जिनिंगच्या आवारात व्यायामाचा वर्ग सुरू केला. कापसाचा हंगाम नसला की ते आवार मोकळं असतं. हंगामात तिथं कापसाच्या गंजी लागतात, तेव्हा आम्ही शाळेच्या मैदानावर जातो.

माझा वर्ग सगळ्या वयांचा. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात पेच पडला. एकाच घरातले सासरे आणि सून दोघंही यायचे. सासऱ्यांसमोर डोक्यावरून पदर ढळू द्यायचा नाही आणि हात तर वर करायचे, म्हणून त्या पोरी एका हातानं व्यायाम आणि दुसऱ्या हातानं पदर सांभाळायच्या. मी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी फर्मान काढलं की सगळे सासरे पुढच्या ओळीत, तोंडं उगवतीकडे, मागं वळून बघायचं नाही. सुना मागच्या ओळीत. पदर खोचले गेले आणि मागच्या ओळीचा व्यायाम असा काही रंगला की पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांना मागून नुसती धप्‌धप्‌ ऐकू यायची. एका सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, मागं नेमकं काय चालायलंय?"

मोंढ्यातले एक आडत व्यापारी होते. डॉक्टरांनी त्यांना व्यायाम सांगितला होता, पण सकाळी दुकान सोडवत नव्हतं. त्यांनी निरोप पाठवला की माझ्या जागी दिवाणजी येतील, चालेल ना? मी चालेल म्हटलं. दिवाणजी नेमानं आले, महिन्यात कंबर बारीक झाली, चेहरा उजळला. मग शेटजींच्या पोटात दुखायला लागलं आणि ते स्वतः यायला लागले. अजून दोघं शेजारी शेजारी उभे राहतात आणि शेटजी तिरप्या नजरेनं, वाकल्यावर दिवाणजींचे हात जमिनीला कितपत टेकले ते बघत असतात.

आता बाहेरच्यांना वाटतं, म्हाताऱ्या माणसांना व्यायाम म्हणजे काय, मान डावीकडे, मान उजवीकडे. तसं नाही. माझ्या वर्गात साठीच्या पुढच्या प्रत्येकाला मी सगळ्यात आधी एकच गोष्ट शिकवते: जमिनीवर बसायचं आणि कुणाचा हात न धरता उठायचं. कुशीवर वळा, गुडघ्यावर या, एक पाय पुढं रोवा, त्या मांडीवर दोन्ही हात ठेवा, नजर समोर आणि उठा. एवढंच. पण हे ज्याला येतं, तो माणूस घरात एकटा असला तरी मला त्याची काळजी वाटत नाही. पडणं कुणाच्या हातात नसतं, उठणं मात्र शिकता येतं. मला एकच खंत आहे. शाळेत ज्या पोरींना मी कबड्डी शिकवली, गडी धरून ओढणाऱ्या, लांब उड्या मारणाऱ्या, त्या लग्न झाल्यावर मैदानाकडे फिरकल्या नाहीत. फिरकल्या त्या एकदम आता, गुडघे धरून. मधली वर्षं कुठं गेली असं त्यांना विचारायची माझी हिंमत होत नाही, कारण मला उत्तर माहीत आहे.

शिवगंगाकाकू माझ्याकडे आल्या त्या मात्र गुडघ्यापेक्षा मनानं जास्त खचून. गावात त्यांचं कापडाचं दुकान होतं. काका गेल्यावर ते बंद झालं आणि दुकानामागच्या घरात त्या एकट्याच राहत होत्या. गळ्यातलं इष्टलिंग, कपाळाला भस्म, सकाळची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. एका दुपारी न्हाणीपाशी पाय घसरून त्या पडल्या. हाड मोडलं नव्हतं. पण त्यांना उठताच आलं नाही. संध्याकाळी दूधवाला आला, त्यानं हाका मारल्या, मागच्या दारानं आत शिरला, तेव्हा कुठं त्या उठल्या. तोवर सबंध दुपार त्या फरशीवर पडून छताकडे बघत होत्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा महेश हैदराबादला मोठ्या कंपनीत आहे. तो धावत आला आणि त्यानं ठरवून टाकलं की घराला कुलूप, आई हैदराबादला. महेश माझा विद्यार्थी. अभ्यासात हुशार, पण पीटीचा तास आला की त्याच्या पोटात दुखायचं. सबंध शाळा त्यानं कडुलिंबाखाली पोट धरून बसून काढली. तो मला भेटायला आला तेव्हा मी त्याला आधी पोटाचंच विचारलं. तो हसला नाही. म्हणाला, "बाई, तुमी तिला आशा लावू नका. ती पुन्हा पडली आन् तवा दूधवाला आला न्हाई तर मी काय करू?"

तो काही वाईट मुलगा नव्हता. आईसाठी खोली तयार ठेवली होती, खिडकीत तुळस लावली होती. काकूसुद्धा त्याच्याबद्दल वाकडा शब्द बोलायच्या नाहीत. पण एकदा व्यायाम संपल्यावर माझ्याजवळ बसून म्हणाल्या, "लेक चांगला हाय, सून लय चांगली हाय. पर तिथं दार उघडलं की जिना दिसतो, बाई. हितं दार उघडलं की माणूस दिसतो." घासाघीस करून त्यांनी मुलाकडून दिवाळीऐवजी संक्रांतीपर्यंतची मुदत मिळवली होती. तेवढ्यात आमच्याकडे गोल्फ आला.

गोल्फ आणला लिंबाजी हवालदारांनी. माणूस मूळचा सोनपेठकडचा, पलटणीतून निवृत्त झालेला, सासुरवाडीचं रान मानवतच्या शिवेवर. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी छावणीतल्या गोल्फच्या मैदानाची निगा राखण्यात घालवली होती आणि येताना साहेबांनी टाकून दिलेल्या काठ्यांची एक पिशवी सोबत आणली होती. वर्गात माझ्यासमोर उभे राहून ते म्हणाले की ह्या खेळात पळायचं नाही, कुणाला पाडायचं नाही, नातवाबरोबर आजीला खेळता येतं. काठीनं चेंडू मारायचा, त्याच्यामागं चालत जायचं, पुन्हा मारायचा आणि लांबवर केलेल्या एका गलीत, लहानशा खड्ड्यात, घालायचा. गलीला होल म्हणायचं. कमीत कमी फटक्यांत घालील तो जिंकला. म्हटलं, म्हणजे विटीदांडू आणि गोट्यांचा संसार. ते म्हणाले, अगदी तेच, फक्त चालणं लय. चालणं लय म्हटल्यावर मी जागेवर हो म्हटलं.

त्यांच्या रानातला मुरमाड तुकडा पडीक होता. तिथं होल करायचे ठरले. होलभोवतीची जागा गुळगुळीत लागते, चेंडू घरंगळत यायला हवा. मोठ्या मैदानावर तिथं बारीक कातरलेलं गवत असतं, त्याला ग्रीन म्हणतात. आमच्याकडे गवत कुठलं? हवालदार डोकं खाजवत उभे होते, तेव्हा शिवगंगाकाकूच म्हणाल्या, "खळं करा की."

आणि काय सांगू, वर्गातल्या म्हाताऱ्यांच्या अंगात वारं शिरलं. मळणीयंत्र आल्यापासून धान्य मळायला खळं करायचं कामच राहिलं नव्हतं, पण हातांना सगळं आठवत होतं. ढेकळं फोडली, पाणी मारलं, बैल फिरवले, चोपलं, शेणानं सारवलं. जिथं मेढ, म्हणजे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब, रोवायची, त्या मधल्या जागी गोडेतेलाचा डबा पुरला. आमच्या गावच्या पोरांनी जन्मात पहिल्यांदा खळं पाहिलं ते गोल्फ खेळायला. पहिल्या दिवशी सातवीतला एक पोरगा बूट घालून तसाच चेंडूमागं आत शिरला आणि काकूंचा आवाज रानभर घुमला. "अरं, खळं हाय ते. लक्ष्मी येती तिथं. पायताण काढ." सगळ्यात आधी बूट काढले ते हवालदारांनी. जन्मभर साहेबांची ग्रीन राखलेला तो माणूस अनवाणी खळ्यावर उभा राहिला आणि म्हणाला की काकूंचं बरोबर आहे. त्या दिवसापासून आमचा नियम झाला. खळ्याच्या कडेला एक बसका दगड मांडला. दगडावर बसून बूट काढायचे, आत जाऊन चेंडू घालायचा, परत येऊन दगडावर बसून बूट घालायचे. अनवाणी गेलं की तळव्याला जमिनीचा उतार कळायचा. काकू तर काठी टेकून आधी एक फेरी मारायच्या आणि पाणी कुठं धावेल ते बघून चेंडू ढकलायच्या.

हवालदारांच्या पलटणीतले सय्यदसाहेब निवृत्तीनंतर हैदराबादजवळच्या एका मैदानाचं काम बघत होते. त्यांनी आम्हाला एक सकाळ खेळायला बोलावलं. गावात नुसती धांदल उडाली. शेटजींनी पांढरे कपडे शिवून घेतले, दिवाणजींनीही शिवून घेतले, त्यावरून दोघं दोन दिवस बोलत नव्हते. काकूंनी महेशला फोन लावला आणि माझ्यासमोर त्याला सांगितलं की मी येतेय, खेळायला. मग त्यानं अट घातली. आईनं नऊच्या नऊ होल स्वतःच्या पायांनी चालायचे. तिथली बॅटरीवर चालणारी गाडी घ्यायची नाही, कुणी हात द्यायचा नाही. जमलं तर संध्याकाळच्या गाडीनं खुशाल परत जा, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर तिथूनच घरी यायचं, कायमचं. काकू म्हणाल्या, कबूल. आणि पिशवीत पूजेचं साहित्य नि एकच पातळ घेतलं. जास्तीचं पातळ घ्या म्हटलं तर म्हणाल्या, कशाला, संध्याकाळी तर निघायचंय.

मानवत रोड स्टेशनवरून आम्ही रात्रीच्या गाडीत बसलो. सकाळी काकूंनी बर्थवरच पूजा उरकली, आम्ही सगळ्यांनी दशम्या खाल्ल्या आणि मैदानाच्या फाटकातून आत शिरलो. तेवढं हिरवं मी आयुष्यात बघितलं नव्हतं. दिवाणजी हात जोडून उभेच राहिले. महेश आधीच आला होता. ऑफिसला सुट्टी टाकून, चकचकीत बूट घालून, घामाघूम होऊन तो आईच्या मागं थोड्या अंतरानं चालायला लागला.

पहिला होल. काकूंनी चार-पाच फटक्यांत चेंडू ग्रीनपाशी आणला. समोर ते नखाएवढ्या उंचीचंही नसलेलं, गालिचासारखं गवत. आणि आमचा अख्खा वर्ग, कुणी काही न सांगता, कडेला थांबला आणि बूट काढायला लागला. शेटजी, सुना, पोरं, सगळे. बुटांची रांग लागली. काकूंचे बूट सैल बांधलेले होते, त्यांनी ते उभ्या उभ्याच टाचेनं काढले. सय्यदसाहेब गाडीतून भरधाव आले. अदबीचा माणूस, पण घाबरलेला. "अम्मा, जूते पैन लेओ. यां सांप-बिच्छू निकलते." काकूंनी त्यांना हैदराबादी वळणाच्या आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं की साब, ये खळा है, खळे पे चप्पल नई डालते. हवालदारांनी सगळं समजावलं. साहेब ऐकत होते. मग त्यांनी त्या गवताकडे बघितलं, रोज पहाटे तिथं राबणाऱ्या माळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले की ग्रीनवर तुम्ही अनवाणी जा, माझी हरकत नाही, पण ग्रीन सोडली की बूट पायात हवेत. वाटेत कुणी अनवाणी दिसलं तर खेळ बंद करावा लागेल.

काकूंनी चेंडू घातला आणि त्या कडेला आल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं. दगड नव्हता. आमच्या खळ्याच्या कडेला दगड होता, इथं नुसतं गवत. उभ्यानं वाकून नाडी बांधणं काकूंच्या गुडघ्यांना जमण्यातलं नव्हतं. मी त्यांना चालायची तयारी करून दिली होती, नऊ होल नऊ वेळा बूट काढायची नि घालायची नव्हे. शेटजी पुढं सरसावले, तर महेश म्हणाला, "हात द्यायचा न्हाई ठरलंय." काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग त्या पदर सावरून सरळ खाली गवतावर बसल्या.

एकेक बूट घातला, नाडी आता घट्ट बांधली. सगळा वर्ग श्वास धरून उभा. काकू कुशीवर वळल्या, गुडघ्यावर आल्या, एक पाय पुढं रोवला, मांडीवर हात ठेवले, नजर समोर केली. आणि उठल्या. मी शिट्टी फुंकायचीच तेवढी बाकी ठेवली होती. महेशचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं अट घातली होती चालण्याची. पण आई जमिनीवरून आपली आपण उठते, हे ती न्हाणीपाशी पडल्यानंतर त्यानं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

पुढं प्रत्येक ग्रीनला तेच. बसायचं, बूट काढायचे, उठायचं. खेळून यायचं, बसायचं, बूट घालायचे, उठायचं. एका ठिकाणी चेंडू तळ्यात गेला, काकूंनी त्याला हात जोडले आणि दुसरा घेतला. ऊन चढलं. सय्यदसाहेबांची गाडी दोनदा जवळून गेली, रिकाम्या सीटसकट. काकूंनी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. महेश मात्र तिच्याकडे बघत होता. त्याचे चकचकीत बूट त्याला चावायला लागले होते.

आठव्या होलला काकू अडकल्या. गुडघ्यापर्यंत आल्या, पाय पुढं रोवला, मांडीवर हात ठेवले आणि वर येता येता परत खाली बसल्या. कुणी हललं नाही. महेश धावला. "आई, बास झालं. मी हरलो समज, पर बास कर." काकूंनी हातानंच त्याला थांबवलं. "थांब जरा. दम घेऊ दे. हितं काय मला कुनी बघंना असं न्हाई, समदी हायेत." त्यांनी दम घेतला, तोंड पुसलं, गळ्यातल्या लिंगाला हात लावला. पुन्हा कुशीवर वळल्या. माझे ओठ नकळत हलत होते, पाय पुढं, मांडीवर हात, नजर समोर. त्या उठल्या तेव्हा आमच्या मागच्या ओळीतल्या सुनांनी सासऱ्यांच्या देखत टाळ्या पिटल्या, पदर गेला कुठल्या कुठं, आणि एकाही सासऱ्यानं मागं वळून बघितलं नाही.

शेवटच्या ग्रीनवर काकूंनी महेशला होलमधला झेंडा धरायला बोलावलं. तो तसाच निघाला, तशी त्यांनी त्याच्या पायांकडे नुसतं बघितलं. त्यानं बूट काढले, मोजे काढले आणि फोड आलेल्या पायांनी आईच्या होलशी जाऊन उभा राहिला. काकूंनी काठी टेकत एक फेरी मारली, तळव्यांनी उतार चाचपला आणि चेंडू होलकडे नाही, चांगला हातभर डावीकडे ढकलला. तो वळत वळत आला आणि होलच्या तोंडाशी थांबला. आम्ही सगळे ओरडलो. काकू शांतपणे गेल्या आणि काठीच्या टोकानं त्याला आत लोटलं. किती फटके लागले ते विचारू नका, आम्हाला कुणालाच आठवत नाही.

मायलेक दोघं कडेला येऊन गवतावर बसले. काकूंनी बूट घातले आणि उठल्या, आता सवयीनं. महेशनं कसेबसे मोजे चढवले, बूट घातले, हात टेकले आणि उठायला गेला. उठता येईना. सबंध सकाळ चालून पाय भरून आले होते, पोट आड येत होतं. त्यानं पुन्हा जोर लावला आणि पुन्हा खाली बसला. मी हसू दाबून उभी होते. काकू वळल्या, बघितलं आणि हात पुढं केला.

"धर," त्या म्हणाल्या. "तुला हात द्यायचा न्हाई असं कुठं ठरलंय?"

तो आईचा हात धरून उठला. उठल्यावरही त्यानं तो सोडला नाही. तसाच हात धरून माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "बाई, तुमची गाडी किती वाजता हाय?"

ह्या दिवाळीला महेश मानवतला आलाय. आईला न्यायला नाही, राहायला. काल सकाळी काकू त्याला वर्गाला घेऊन आल्या. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि पोटावर हात ठेवून म्हणाला की बाई, आज जरा पोटात दुखायलंय. मी शिट्टी तोंडाला लावायच्या आतच शेजारून काकू बोलल्या.

"बस खाली. आन् आता ऊठ."